पिल्लाबरोबर मीही रडते

«आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलाच्या हट्टापायी मिस्टरांनी देवासच्या मित्राकडून लॅब्रॅडॉरचं साडेसहा आठवड्यांचं पिल्लू आणलं. नाव चिकू. तिची भावंडंही आता वेगवेगळ्या घरी गेली आहेत. आज सहावा दिवस. रात्रभर रडते. मिस्टर म्हणतात, गच्चीच्या जिन्यात ठेव, दोन दिवसांत सवय होईल. सासूबाईंना ती देवघराच्या आसपास चालत नाही, पण दूध-पोळी आणि वर चिमूटभर सेव त्याच भरवतात. पोट बिघडलंय, घरभर शू. काल मुलाच्या बोटाला तिचा दात लागून रक्त आलं. सगळं निस्तरते मी. रात्री तीनला तिच्यावर ओरडले आणि मग स्वतःच रडत बसले. मला ती नकोशी झाली आहे, हे घरात कुणाला सांगू?»

ताई,

आधी मुलाचं बोट. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, काल धुतली असली तरी पुन्हा धुवा, आणि आजच त्याला डॉक्टरांकडे न्या. हळद, तिखट, चुना काही लावू नका, पट्टीही बांधू नका. एवढ्या लहान पिल्लाला रेबीजची लस झालेली नसते, म्हणून «घरचंच आहे» हा हिशेब इथे चालत नाही. चिकूच्या आईला लसी दिल्या होत्या का, हे देवासला फोन करून विचारा आणि डॉक्टरांना सांगा, पण त्या उत्तरासाठी थांबू नका.

त्याच फेरीत चिकूलाही जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. लस न झालेल्या पिल्लाचे जुलाब अंगावर काढायचे नसतात, कारण इतक्या लहान शरीरातलं पाणी फार लवकर कमी होतं. कारण बहुधा दूध असेल, शिवाय जंतही असू शकतात. जंताचं औषध वजनावर ठरतं आणि तीन महिन्यांपर्यंत साधारण दर पंधरा दिवसांनी द्यावं लागतं. संडासात रक्त दिसलं, दोनदा उलटी झाली, ती मलूल पडली किंवा सलग दोन वेळा जेवली नाही, तर सकाळची वाट बघू नका. पार्व्हो नावाचा विषाणूजन्य आजार या वयाच्या पिल्लाला एक-दोन दिवसांत संपवू शकतो. जवळ कुणी दाद देईना, तर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता रडण्याकडे येऊ. चिकू हट्टी नाही. सहा दिवसांपूर्वीपर्यंत ती आईच्या पोटाला चिकटून, भावंडांच्या ढिगात झोपत होती, आणि एकटं पडलेलं पिल्लू आईला हाक मारतं, तेच हे रडणं. शिवाय तिला लवकर आणलं गेलं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला आपल्याकडे 2017 च्या नियमांनीच बंदी आहे, आणि मित्राकडून फुकट मिळालं तरी पिल्लाची गरज तीच असते. जिन्यात ठेवलं तर दोन-तीन रात्रींनी ती गप्प होईलही, पण ती दमल्यामुळे आणि कुणी येत नाही हे कळल्यामुळे. अशी पिल्लं पुढे एकटं राहायलाच घाबरू शकतात, आणि मग मोठेपणी घर बंद करून लग्नाकार्याला जाणंही अवघड होतं. त्यात डिसेंबरातली माळव्याची थंडी आणि जिन्याची गार फरशी. मिस्टरांना हे वाचून दाखवा.

तिची झोपायची जागा तुमच्या पलंगाला लागून असू द्या, हात खाली सोडला की तिला लागेल अशी. जाळीचा पिंजरा घेतलात तर पूर्ण वाढलेल्या लॅबला पुरेल असा, पण मधे सरकवता येणारी जाळी असलेला घ्या. सध्या तिला उभं राहता, वळता आणि पसरता येईल एवढीच जागा द्या. जागा जास्त झाली की ती एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात शू करते. पिंजरा येईपर्यंत उंच कडांचं खोकं चालेल. खाली जुनी चादर घाला. गरम पाण्याची पिशवी दोन टॉवेलांत गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. देवास काही लांब नाही. तिच्या आईच्या अंगावर चोळलेलं एखादं फडकं आणायला मिस्टरांना पाठवा, धुवू नका, तसंच खोक्यात ठेवा.

शेवटचं जेवण साडेसातपर्यंत आटपा, पाणी मात्र बंद करू नका. अकराला अंगणात एकदा शू. मग दीडचा आणि चारचा गजर लावा आणि ती रडायच्या आधी तिला उचला, कारण रडल्यावरच उचललं तर रडलं की माणूस येतो हे ती शिकते. मोठा दिवा नको, बोलणं नको, खेळ तर नाहीच. रोज त्याच कोपऱ्यात पाच मिनिटं उभं राहा, शू झाली की हळूच शाबासकी द्या आणि परत खोक्यात ठेवा. बारीक कुरकुर असेल तर हात खाली सोडा, बोलू नका. कुरकुरीचा आवाज चढत गेला तर तिला बाहेर जायचंय. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की दोन्ही गजर वीस-वीस मिनिटं पुढे ढकला. दोन-तीन आठवड्यांनी खोकं हातभर दाराकडे सरकवा, मग आणखी हातभर.

दिवसाची शू रात्रीपेक्षा सोपी आहे. या वयात तिला जागेपणी तासभरसुद्धा धरवत नाही. उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आणि खेळ थांबताच तिला बाहेर न्या. घरात झालेली शू कागदाने टिपून घ्या, मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान करून पुसा. फिनाइलचा वास आपल्याला स्वच्छ वाटतो, पण तिला खालचा शूचा वास येतच राहतो आणि ती तिथेच परत जाते. शिवाय फिनाइल पायाला लागून ती चाटते, ते वेगळंच. नाक घासून शिक्षा केली, तर ती सोफ्यामागे लपून शू करायला लागेल.

सासूबाईंशी भांडू नका. देवघर आणि स्वयंपाकघराच्या दारात दोन फुटी प्लायची फळी आडवी लावा. त्यांचं सोवळं सांभाळलं जाईल, आणि पिल्लाला सुरुवातीला घर छोटंच असलेलं बरं. भरवायची हौस आहे, तर दुपारचं जेवण त्यांच्याकडेच सोपवा, फक्त वाटीत काय जाईल ते ठरवून द्या. पिल्लांचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, पाकिटावर वजनाप्रमाणे दिलेलं प्रमाण चार भागांत वाटून. नव्या खाद्यावर आठवड्याभरात या: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. जुलाब चालू असेपर्यंत डॉक्टर सांगतील तेच. दुधातली साखर तिला नीट पचत नाही, आणि नुसत्या पोळीवर हाडं नीट भरत नाहीत. इंदूरमध्ये सेव बंद करा म्हणणं कठीण, पण तिच्यात मीठ-तिखट असतं, कधी लसूणही. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट चिकूसाठी विष आहे. दुकानदाराने कॅल्शियमचं सिरप पुढे केलं तर नाही म्हणा. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीच्या कॅल्शियमने हाडांचे विकार होतात.

चावण्याचं कारण बहुतेकदा थकवा असतो. पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. पाऊण-एक तास जागं राहिलं की तिला खोक्यात झोपवा. संध्याकाळभर मुलगा तिच्याशी खेळत राहिला, तर नऊ वाजता ती पिसाळल्यासारखी चावत सुटणारच. किती जोराने चावायचं हेही पिल्लं भावंडांकडून शिकतात, तिचा तो वर्ग अर्धवट राहिला. दात लागला की खेळ तिथेच थांबवा, अर्धा मिनिट पाठ फिरवा, मग हाताऐवजी दोरी द्या. मारू नका, आणि मोठं माणूस शेजारी नसताना दोघांना एकत्र सोडू नका.

लसी दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत चालतील. रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर. सगळ्या लसी होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवू देऊ नका, पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. मात्र घरात कोंडूनही ठेवू नका, कारण जग ओळखायचं तिचं वय साडेतीन महिन्यांपर्यंतच असतं. कडेवर घेऊन दारात उभ्या राहा. कचरागाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की खाद्याचा एक दाणा, भाजीवाल्याची हाक आली की आणखी एक.

आणि तुम्ही. झोप मोडलेल्या सहाव्या रात्री पिल्लू नकोसं वाटणं हे फार जणांना होतं. त्याने तुम्ही निर्दय ठरत नाही, आणि एकदा ओरडल्याने चिकूचं कायमचं नुकसानही होत नाही. खरी अडचण अशी की आणलं बापलेकांनी आणि जागताय तुम्ही. आज जेवताना हे सरळ बोला: चारचा गजर आणि सकाळची फेरी मिस्टरांची, शाळेआधी आणि नंतरची वाटी, पाणी, अंगण मुलाचं, दुपार सासूबाईंची. वाटणी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आठवड्यातून दोन रात्री खोकं मिस्टरांच्या बाजूला जाईल आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपाल.

महिनाभर हे सगळं नीट पाळूनही मन तयार होत नसेल, तर चिकूला दुसरं घर शोधा. आधी देवासच्या मित्रालाच विचारा. नव्या घरी दिवसा कोण असतं ते स्वतः जाऊन बघा, आणि तिचं लसींचं कार्ड, तिचं खाद्य आणि ती चादर बरोबर द्या.