सत्ताविसावा दिवस की चौतिसावा?

विलेपार्ल्याच्या एका वाचकाच्या पत्नीच्या कानात ठोके ऐकू यायचे. कानाच्या पडद्यावर लालभडक गाठ निघाली, हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. फेब्रुवारी २०२५मध्ये ऑपरेशन झालं, बायोप्सीत गाठ साधीच निघाली. एप्रिलमध्ये कंपनीने मेडिक्लेम फेटाळला: सौम्य गाठींना २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड, तोवर खर्च मिळत नाही. 'ही गाठ नव्हे, रक्तवाहिन्यांचा गुंता, असं म्हणता येईल का?'

म्हणून बघा, हाती काही लागणार नाही. पडद्यावरचा हिमॅन्जिओमा की पडद्यामागचा ग्लोमस (तीही रक्ताने भरलेली गाठच), हे सर्जनला कळायला हवं. सीटी स्कॅन त्यासाठीच. पॉलिसीच्या कलमात दोन्ही सौम्य ट्यूमरच.

खरी भानगड तुम्ही पत्राच्या तळाशी उरकलीत. पॉलिसी जून २०२२ची. १० जून २०२३ला संपली, नवी सुरू झाली १४ जुलैला, म्हणजे चौतिसाव्या दिवशी. नूतनीकरणाची सवलत तीस दिवसांची. ती हुकली की २४ महिने पहिल्यापासून मोजतात, आणि मग तुमचे भरतात जेमतेम एकोणीस.

पण तुमच्या यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर तारीख ७ जुलै आहे, शुक्रवार, दुपारी ३.१२, खाली 'मेडिक्लेम हप्ता'. हा सत्ताविसावा दिवस! पैसे मात्र एजंटच्या खात्यात. हप्ता थेट कंपनीला भरायला कोणी अडवलं होतं? विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे एजंटने बँकेच्या सुट्ट्या सोडून २४ तासांत हप्ता कंपनीकडे जमा करायचा असतो. दुसरा शनिवार आणि रविवार वगळा; सोमवार, १० जुलै. बरोबर तिसावा दिवस. भांडायचं ते यावर. एजंटला दिले म्हणजे कंपनीला पोचले, असं न्यायालयं दर वेळी मानत नाहीत, म्हणून खात्री देत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत सांताक्रूझला विमा लोकपालाकडे जा; फी नाही, वकील लागत नाही. आधीच ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल तुमचं ऐकणार नाही, आणि आयोगातल्या तारखांबद्दल मी काय सांगावं! तरी तिथली दोन वर्षांची मुदत नकाराच्या पत्रापासून धावते आहे. कस्टमर केअरला केलेल्या फोनांनी ती थांबत नाही.

मोबाइल बदलताना स्क्रीनशॉट उडाला असेल, तर बँकेतून जुलै २०२३चं स्टेटमेंट शिक्क्यासह काढून आणा.