रात्री रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना दंड किती असावा? महापालिका तो स्वतः ठरवू शकते का?

मूळ दंड महापालिकेच्या हातात नाही. नो-पार्किंगला मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लागतं, महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. पार्किंग शुल्क मात्र पालिका ठरवते, आणि खरी गोम तिथेच आहे. समजा रात्रीचा मासिक पास १,५०० रुपयांचा आहे आणि पथक महिन्यातून एकदाच फिरतं. मग पास कोण घेईल? तेव्हा आधी फेऱ्या वाढवा, आकडा नंतर.

नुसता आकडा फुगवला की काय होतं, ते मुंबईने पाहिलंय. जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास मोटारींना टोइंगसकट १०,००० रुपयांपासून पुढे दंड लावला. ओरड झाली, पुढे तो खाली आणावा लागला.

चलान टिकतं की नाही, हे फोटोवर ठरतं. नंबरप्लेट आणि फलक एकाच फोटोत हवेत. फलकावर ‘रात्री ११ ते सकाळी ६’ अशी स्पष्ट वेळ हवी. नुसतं ‘नो पार्किंग’ लिहून रात्रीपुरती कारवाई केली की वाद ठरलेलाच. फलक फांदीआड गेला असेल तर आधी फांदी छाटा. कव्हर घातलेल्या गाडीची प्लेट दिसत नाही, म्हणून पथक तिला सोडून पुढे जातं (आणि हे मालकांना पक्कं ठाऊक असतं!).

दिवसेंदिवस एकाच जागी पडून असलेल्या गाड्यांसाठी कलम १२७ वापरा. दहा तास बेवारस उभी असलेली गाडी पोलिसांच्या आदेशाने उचलता येते किंवा तिला जॅमर लावता येतो.