घोड्यांच्या रेसला सरकारची परवानगी आहे, मग ते व्यसन कसं?

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. लपूनछपून काही नाही मॅडम, महालक्ष्मी रेसकोर्सवर उघड चालतं, सरकार टॅक्स घेतं, मग जुगारी कसं म्हणता? ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमधे कोपरीचं एक जोडपं आलं होतं (ओळख पटेल असं सगळं बदललंय हं), तो वागळे इस्टेटला सुपरवायझर, ती शिकवण्या घेते. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी पीएफमधून काढलेले पैसे त्याने रेसवर घालवले होते. ती रडत नव्हती, चिडलेली होती, आणि खरं सांगू, मला ते बरं वाटलं.

तो मात्र तयारीनिशी आलेला. म्हणे १९९६ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही. मी म्हटलं दादा अगदी बरोबर, तामिळनाडूच्या केसमधला निकाल आहे तो, आणि मुंबईचा १८८७चा जुगारबंदी कायदा पण रेसला सूट देतोच, पण कुठे देतो? लायसन्स असलेल्या रेसकोर्सवर, त्यासाठी ठरवून दिलेल्या जागेत. तुम्ही शेवटचे महालक्ष्मीला कधी गेलात?

तो गप्प. बायकोच बोलली, "दादरला गाडी बदलून जायचे पूर्वी दर रविवारी, आता कुठे जातात, आता नुसता फोन."

म्हणजे टोटची, रेसकोर्सवरच्या अधिकृत बेटिंगची, खिडकी केव्हाच सुटली होती, कुणा ओळखीच्या बुकीकडे, म्हणजे बेकायदा पैजा घेणाऱ्याकडे, फोनवर उधारीत घोडे लावणं चालू होतं, आणि मुंबईचा सीझन संपला की पुणं, पुणं नसेल तर बेंगलोर, हैदराबाद, कुठे ना कुठे रेस असतेच. ज्या परवानगीचा हवाला तो देत होता तिच्यातून तो कधीच बाहेर पडला होता आणि त्याला ते जाणवलंही नव्हतं. घरातलं भांडण मात्र अजून "लीगल आहे का नाही" यावरच अडलेलं.

मी त्याच्याशी वाद घातला नाही, त्याला वही दिली. कौशल्य आहे ना, मग हिशोब लिहा, लावले किती, आले किती, आणि कुठल्या मूडमधे लावले तेही. टोटवर लावता तेव्हाचं गणितही मांडून दाखवलं, लावलेल्या रकमेवर जीएसटी आधी २८ टक्के होता तो सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय, १०,०००च्या वर जिंकलात की ३० टक्के टीडीएस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. घोडा ओळखायचं कौशल्य तुमच्याकडे असेलही हो, पण हा खड्डा भरून वर पैसे काढायचे म्हणजे काय ते बघा.

वहीत जे दिसलं ते आकड्यांपेक्षा वेगळंच होतं. जिंकल्याच्या दिवशी तो थोडक्यात आवरायचा. हरल्यावर मात्र पुढच्या रेसला डबल, गेलेले काढायचे म्हणून. आम्ही हेच बघतो, कायदेशीर आहे का ते नाही. गेलेलं भरून काढायला लावताय का, घरी खोटं बोलताय का, थांबायचं ठरवून थांबता येतंय का. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत जुगाराचा विकार आजार म्हणून आहे आणि तिथे लायसन्स कुणी विचारत नाही. दारूचं दुकान पण परवान्यावरच चालतं की.

बायकोला एकच गोष्ट निक्षून सांगितली, बुकीचं देणं तुम्ही फेडू नका, दागिने तर अजिबात नाही. पैजेचा करार आपल्याकडे १८७२च्या कायद्याने रद्दबातल धरतात, तो माणूस कोर्टात वसुली करू शकत नाही. धमक्या द्यायला लागला तर पोलिसात जा, एकट्याने निस्तरत बसू नका. पगाराचं खातं सहा महिने तिच्या हातात, यावर तो बराच वेळ कुरकुरला आणि मग हो म्हणाला.

मधे एकदा डर्बीच्या, सीझनमधल्या सगळ्यात मोठ्या रेसच्या, आठवड्यात घसरला, स्वतःच फोन करून सांगितलं. अजून येतो. तुमच्या घरात असं काही असेल आणि लगेच कुणाकडे जाता येत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलतात, आणि पेशंट तयार नसला तरी घरच्यांनी आधी फोन केला तर चालतो.