कडीपाटातून एसीचा पाइप

प्रश्न : नागपुरात महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या माडीवर स्प्लिट एसी बसवतोय. एसीतून गळणारं पाणी बाहेर नेणारा पाइप कडीपाटातून (लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, म्हणजे पाट) आडवा नेता येईल का?

उत्तर : येईल. मात्र कडीला खालून खाच पाडू नका, ताण तिथेच असतो. 150 मिमी उंच कडीला उंचीच्या मध्यावर 35 मिमीचं भोक पुरे, तेही भिंतीपासून गाळ्याच्या (कडीच्या दोन आधारांमधल्या लांबीच्या) 25 ते 40 टक्के अंतरात. कडी किडलेली असेल तर विषयच संपला. 20 मिमी पीव्हीसी पाइपवर 6 मिमी जाडीचा नायट्रिल फोम (रबरी फोमचं आवरण) चढवा. उघड्या पाइपला घाम सुटून लाकूड कुजतं. लवचीक नळीला झोल पडतो, शेवाळ साचतं. मीटरमागे 1 सेंमी उतार ठेवा. पाट बसवण्याआधी बाटलीभर पाणी ओतून बघा, कारण मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाणी जेमतेम येतं. गळती कळते पावसाळ्यात.