पहिलं नाणं घ्या थोरल्या फाउस्टिनाचं

रोमन सम्राज्ञींची चांदीची नाणी जमवायची म्हणताय, तर सुरुवात थोरल्या फाउस्टिनापासून करा. ती गेल्यावर तिचा नवरा, सम्राट अँटोनायनस पायसनं तिला देवीपद दिलं आणि इ.स. 161 मध्ये स्वतः जाईपर्यंत तिच्या नावानं दिनार, म्हणजे रोमन चांदीची नाणी, पाडत राहिला. म्हणून ही नाणी आजही मुबलक मिळतात. नावाआधी ‘दिवा’ (DIVA, म्हणजे देवीपद मिळालेली) असेल तर ते मृत्यूनंतरचं.

मागची बाजू नीट बघायला शिका, खरी गंमत तिथेच आहे. पिएतास, म्हणजे देवाधर्माची आणि घरच्यांची कर्तव्यनिष्ठा, वेदीवर धूप टाकताना दिसते. दुसऱ्या हातात धुपाची डबी. पुदिकितिया म्हणजे शालीनता. नंतरची सम्राज्ञी ज्युलिया डोम्ना, तिच्या नाण्यावर ही पुदिकितिया डोक्यावरून पदर घेऊन, छातीवर हात ठेवून बसलेली असते. आपल्याला ती लगेच ओळखीची वाटते! अक्षरं झिजली असली तरी हातातल्या वस्तूवरून देवता ओळखता येते. वाचताना एक लक्षात ठेवा, ‘यू’च्या जागी ‘व्ही’च कोरलेला असतो.

फाउस्टिनाचा दिनार साधारण 3 ग्रॅमच्या वर भरतो. डोम्नाच्या काळात चांदी जेमतेम निम्म्यावर आली होती, त्यामुळे तिचं नाणं फिकं दिसलं तर लगेच खोटं म्हणू नका. कडेला मात्र भिंग लावाच. साच्याची शिवण किंवा बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ती ओतीव नक्कल असण्याची दाट शक्यता, सोडून द्या. आणि कृपा करून चिंच, पावडर, टूथपेस्ट काही लावू नका. मी सुरुवातीला सम्राज्ञी सबीनाचं एक नाणं घासून चकचकीत केलं होतं. तिच्या केसांचे बारीक तपशील गेले ते गेलेच.