आधी सिरिंजची टोपी पाहा

तुमचा नऊ वर्षांचा दत्तक बोका, त्याला झालेला मधुमेह, दवाखान्यात निघालेली ३८० साखर, ग्लार्जिन इन्सुलिन दिवसातून दोनदा एकेक युनिट, इथपर्यंत मी तुमचा प्रश्न शांतपणे वाचला. पण शेवटी तुम्ही सहज विचारले आहे की, ‘मेडिकलमध्ये लाल टोपीच्या सिरिंजा मिळाल्या, त्या चालतील ना?’ आणि तीन वर्षांपूर्वीची एक पहाट माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या चालणार नाहीत. बाकीचे उत्तर सवडीने वाचा, परंतु आज संध्याकाळचे इन्सुलिन त्या सिरिंजने देऊ नका. डॉक्टरांना फोन करा आणि योग्य सिरिंज मिळेपर्यंत थांबा. एखादा डोस उशिरा गेल्याने होणारे नुकसान अडीचपट डोस गेल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा पुष्कळ कमी असते.

अडीचपट हा शब्द मी मोजून वापरला आहे. आपल्याकडे माणसांसाठी मिळणाऱ्या जुन्या प्रकारच्या इन्सुलिनच्या बाटल्यांमध्ये बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटे असतात आणि लाल टोपीची सिरिंज त्यांच्यासाठी आखलेली असते. ग्लार्जिनच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० युनिटे असतात. त्याची सिरिंज केशरी टोपीची. लाल सिरिंजवर एका युनिटची रेघ ०.०२५ मिलिलिटरला येते, आणि तेवढ्या ग्लार्जिनमध्ये अडीच युनिटे भरतात. चार किलोच्या जिवाला ही चूक परवडत नाही. केशरी टोपी मिळाली तरी १ मिलिलिटरची मोठी सिरिंज घेऊ नका, कारण तिच्यावर बहुधा दोन-दोन युनिटांच्या रेघा असतात आणि एक युनिट अंदाजाने ओढावे लागते. ०.३ मिलिलिटरची, शक्य तर अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली मागा. दुकानदार ‘मागवावी लागेल’ म्हणाला तर मागवायला लावा. लाल सिरिंजवर गुणाकार-भागाकार करून वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. पहाटे साडेसहाला झोपेतून उठून कोणाचेही गणित बरोबर येत नाही.

आमचा बोका खंडू सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून आला. त्याला सांभाळणारे आजोबा वारले तेव्हा तो आठ वर्षांचा, साडेसहा किलोचा आणि दूध-पोळीवर वाढलेला होता. सहा महिन्यांत तो वाळला, वाडगेच्या वाडगे पाणी पिऊ लागला आणि मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला. निदान लवकर झाले, ‘एक युनिट, दोन वेळा’ अशी चिठ्ठीही मिळाली. मात्र सिरिंज कोणती हे चिठ्ठीत नव्हते. मेडिकलवाल्याने लाल टोपीचे पाकीट पुढे केले आणि मी ते घेतले. आठवड्याने दवाखान्यात साखर ४१० निघाली, म्हणून डोस दोन युनिटे करण्यात आला. प्रत्यक्षात तो पाच युनिटांवर गेला होता. रिक्षातून पिंजऱ्यात ओरडत आलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही वाढते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी ‘घरी कशाने टोचता, दाखवा’ एवढेदेखील विचारले नाही.

चौथ्या पहाटे खंडू मोरीत आडवा पडलेला, थरथरत, तोंडाला फेस अशा अवस्थेत सापडला. भावाचा ग्लुकोमीटर घरात होता म्हणून कळले, साखर ३४. बोटाने हिरड्यांवर मध चोळला (झटका आलेला असताना तोंडात पाणी किंवा सरबत ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते) आणि फोन लावला, तर पलीकडून उत्तर आले की डॉक्टर दहाला येतात, तेव्हा आणा. दुसऱ्या एका डॉक्टरांनी दार उघडले, सलाइनमधून ग्लुकोज दिले, आणि ‘सिरिंज दाखवा’ असे म्हणणारे ते पहिलेच. खंडू दोन दिवस तिथे होता. नंतर मी मेडिकलमध्ये जाऊन विचारले, तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी मानही वर न करता सांगितले, “इन्सुलिनची मागितलीत, इन्सुलिनची दिली.” त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, आणि खरे सांगायचे तर त्यातला अर्धा स्वतःवरचा आहे, कारण बाटलीवर १०० हा आकडा ठळक छापलेला होता.

मी पशुवैद्य नाही. डोस किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. परंतु साखर घरी मोजायला शिका, याबाबत मी हट्टी आहे. टोचायचे कसे ते लिहीत नाही, दोन दिवसांत हात बसतो. साखर मोजण्यासाठी कानातून रक्ताचा थेंब काढण्याचे मात्र तंत्र आहे. जुन्या मोज्यात मूठभर तांदूळ भरून किंचित गरम करावे आणि कानाच्या कडेला मिनिटभर धरावे, म्हणजे शीर फुगते. कडेवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला की रक्त केसांत पसरत नाही, मोहरीएवढा थेंब उभा राहतो. मागे कापूस धरून लॅन्सेट (थेंब काढायची बारीक सुई) टोचावे, ग्लुकोमीटरची पट्टी थेंबाला लावावी आणि लगेच चिकनचा तुकडा द्यावा. खंडू आता डबा उघडल्याचा आवाज आला की स्वतःच येऊन बसतो. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर सहसा प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी दाखवतो, म्हणून एकाच यंत्रावर मोजा, आकडे वेळेसह वहीत लिहा आणि डॉक्टरांना ती वही दाखवा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. कोरड्या दाण्यांत पिष्ट बरेच असते. कमी पिष्टाचे ओले डबाबंद खाद्य बरे. पण इन्सुलिन सुरू असताना हा बदल परस्पर करू नका, कारण पिष्ट कमी झाले की इन्सुलिनची गरजही घटते आणि जुनाच डोस जास्त ठरतो. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजराचे भागत नाही, आणि कांदा-लसूण घातलेला रस्सा तर त्याला विषच. मेथीचे पाणी, कारल्याचा रस हे आपल्यासाठी ठेवा. मांजर जेवले नाही तर नेहमीचा डोस आपल्या मनाने देऊ नये, आधी विचारावे. टोचताना औषध केसांवर सांडल्याचा संशय आला तरी पुन्हा टोचू नये. न जेवणे, उलट्या आणि मलूलपणा एकत्र दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता निघावे.

काही मांजरांचे इन्सुलिन काही महिन्यांनी बंद होते, विशेषतः साखर लवकर आटोक्यात आली तर. आमच्याचे झाले नाही. तीन वर्षे सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा हे आमचे घड्याळ आहे, आणि लग्नाची आमंत्रणे त्यावर बेतली जातात. बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवतो, फ्रीझरजवळ नाही, कारण गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही, आणि एप्रिलात ती फारच लांबली तर बाटली कोरड्या डबीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायची.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. दारावर येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तो कचरा हाताने वेगळा करतात. आम्ही त्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवतो आणि भरली की दवाखान्यात देतो. पहिल्या बरणीत सगळ्यात खाली ते लाल टोपीचे उरलेले पाकीट गेले.