म्ल्येत बेट: एका दिवसात उरकू नका, दोन रात्री राहा

सप्टेंबरमध्ये क्रोएशियातील डुब्रोवनिकला मुक्काम असताना जंगल, समुद्र आणि इतिहास हे तिन्ही एकाच लहान बेटावर पाहता येईल का, त्यासाठी लोक्रुम निवडावे की म्ल्येत, आणि एक दिवस पुरेल का, असे आपण विचारले आहे. हाताशी खरोखर एकच दिवस असेल तर लोक्रुमला जावे; दोन रात्री काढता येत असतील तर म्ल्येतला जावे. म्ल्येतची दिवसभराची सहल मी कोणालाही सुचवत नाही, कारण येण्याजाण्यात इतका वेळ मोडतो की बेटावर उरलेले तास होडीच्या रांगेत आणि घड्याळाकडे पाहण्यातच सरतात.

लोक्रुम डुब्रोवनिकच्या जुन्या बंदरातून होडीने पंधरा मिनिटांवर आहे. बेनेडिक्टिन या ख्रिस्ती साधूपंथाचा जुना मठ, ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील मॅक्सिमिलियनने १८५९ साली बेट विकत घेऊन लावलेल्या बागा आणि सर्वत्र फिरणारे मोर एवढे पाहून झाले की संध्याकाळच्या होडीने परतावेच लागते, कारण तेथे रात्री राहण्यास परवानगी नाही. ठिकाण सुंदर आहे, परंतु शहराच्या गर्दीचा बराचसा भाग आपल्याबरोबर तेथे येतो.

म्ल्येत सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि सरासरी तीन किलोमीटर रुंद आहे. त्याचा पश्चिम भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि आपल्याला हवे असलेले बहुतेक सर्व तेथेच आहे. अलेप्पो पाइन आणि सदाहरित ओक यांचे रान पाण्याच्या काठापर्यंत उतरते. मध्यभागी वेलिको येझेरो आणि मालो येझेरो, म्हणजे थोरले आणि धाकटे तळे. हे मुळात चुनखडीच्या प्रदेशातील खोल खळगे होते. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढत गेली तसे खारे पाणी त्यांत शिरले. थोरल्या तळ्याची कमाल खोली ४६ मीटर आहे आणि त्याच्या तळाशी ‘क्लाडोकोरा’ प्रवाळाची वसाहत आहे, जी भूमध्य समुद्रातील ज्ञात वसाहतींमध्ये मोठी गणली जाते. सोलिने गावाजवळच्या अरुंद वाटेने समुद्राचे पाणी आत-बाहेर करते. दोन तळ्यांमधल्या लहान पुलाखालीही भरती-ओहोटीनुसार प्रवाहाची दिशा बदलते, आणि त्या प्रवाहात अंग सोडून वाहत जाण्याचा आनंद लहानथोर सगळेच घेतात. तळ्यांचे पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा उबदार असल्याने सप्टेंबरमध्ये पोहणे सुखाचे होते.

थोरल्या तळ्यातील बेटुकावर सेंट मेरीचा मठ आहे. १२व्या शतकात झाहुम्ल्ये या मध्ययुगीन राज्याचा शासक देसा याने इटलीतील आपुलिया प्रांतातून आलेल्या बेनेडिक्टिन साधूंना म्ल्येत बेट दान दिले आणि पुढील कित्येक शतके म्ल्येतच्या जमिनीचा व रानाचा कारभार मठाभोवती फिरत राहिला. नेपोलियनच्या काळात मठ बंद झाला. त्यानंतर येथे वनखात्याची कचेरी होती आणि युगोस्लाव्हियाच्या काळात चक्क हॉटेल. उद्यानाच्या तिकिटात तेथवरचा होडीप्रवास धरलेला असतो. शेवटची होडी गेल्यानंतर आणि पहिली येण्यापूर्वी काठावरून हा परिसर पाहायला मिळतो, हेच मुक्कामाचे मुख्य कारण समजा.

पोलाचे बंदरात रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील राजवाड्याच्या भिंती आजही सुमारे २० मीटर उंच उभ्या आहेत. त्यांच्याभोवती कुंपण आणि फलकांचा थाट नाही. घरे आणि होड्या अगदी लगत आहेत. मला स्प्लिट शहरातील गजबजलेल्या रोमन प्रासादापेक्षा हे अवशेष अधिक भावले, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट मुंगसांची आहे. बायबलमध्ये संत पॉलचे गलबत ‘मेलिता’ बेटाजवळ फुटल्याचे आणि तेथे त्याच्या हाताला सापाने विळखा घातल्याचे वर्णन आहे. मेलिता म्हणजे माल्टा, असे सामान्यतः मानतात. परंतु १८व्या शतकात येथील मठाधिपती इग्न्यात जुर्जेविच याने ते म्ल्येतच असल्याचा हिरिरीने दावा केला. येथे विषारी साप मात्र खरोखरच पुष्कळ होते. त्यांच्या बंदोबस्तासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत १९१० साली भारतातील लहान जातीची मुंगसे आणून सोडली गेली. साप घटले, पण मुंगूस सापांवर थांबत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही कोकणी घरात सांगता आले असते. पक्ष्यांची अंडी, सरडे, कोंबड्या यांवर संक्रांत आली, आणि आज युरोपीय संघाच्या उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत या मुंगसाचे नाव आहे. ते दिवसा हिंडते, त्यामुळे पायवाटेवर सहज दिसते. आपल्याकडे मुंगूस आडवे जाणे शुभ मानतात. तेथील शेतकऱ्याला हे सांगण्यापूर्वी विचार करावा.

प्रवासाविषयी. डुब्रोवनिकहून कॅटामरान, म्हणजे जोडतळाची वेगवान बोट, जाते. हंगामात काही फेऱ्या पोलाचेपर्यंत असतात, इतर सोब्रापर्यंतच. सोब्रा बेटाच्या मधोमध असल्याने तेथे उतरल्यास पुढे बस किंवा गाडीची सोय आधीच पाहावी. गाडी भाड्याने घेणार असाल तर पेल्येशात्स द्वीपकल्पावरील प्राप्रात्नो येथून सोब्रासाठी गाड्या नेणारी फेरीबोट मिळते. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहे, बोस्निया त्यात नाही. स्प्लिटकडून येणाऱ्यांना पूर्वी बोस्नियाची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे, जे एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर अडचणीचे ठरले असते. २०२२ साली पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून ती चिंता उरलेली नाही.

मुक्काम पोमेना किंवा पोलाचे या गावांत करावा. एक दिवस तळ्यांसाठी ठेवून सायकल घ्यावी, मात्र थोरल्या तळ्याची पूर्ण प्रदक्षिणा होत नाही, कारण समुद्राकडील वाटेवर पूल नाही आणि तेथून मागे फिरावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी २५३ मीटर उंचीच्या मोंटोकुत्स टेकडीवर चढावे; वरून दोन्ही तळी आणि शेजारच्या कोर्चुला बेटाच्या बाजूचा समुद्र दिसतो. बाबिनो पोल्ये गावाजवळची, ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस याच्या नावाची गुहा प्रसिद्ध आहे, परंतु उतार खडा आणि उघडा आहे. ज्येष्ठांना घेऊन जाऊ नये. खडकाळ किनाऱ्यावर समुद्री अर्चिनचे काटे टोचतात, म्हणून पाण्यातले बूट न्यावेत. रानात काडीही पेटवू नये. वणव्याची भीती तेथे खरी आहे.

शाकाहारी असाल तर ‘ब्लित्वा’ मागावी: पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. निखाऱ्यांखाली झाकणात शिजवलेला ‘पेका’ हा मांसाहारी प्रकार खायचा असल्यास काही तास आधी सांगून ठेवावे लागते, म्हणून सकाळी फिरायला निघतानाच खानावळीत सांगून जावे.